ट्रकच्या पाट्यांचं काम आणि घरी केलेली हत्यारं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऊस सुरू झाला की आमच्या पट्ट्यात पाटे (चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) मोडलेल्या गाड्यांची रांग लागते. कारखान्यावर नंबर लागलेला असतो, मालक दर दहा मिनिटांनी फोन करतो आणि बुश (पिनेभोवतीची नळी) मात्र पाट्याच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या गोल वळवलेल्या भोकात, असा गंजून बसलेला असतो की घण मारून मारून हात बधिर होतात. अशा वेळी कामाला येतं ते हत्यार बहुतेक वेळा विकतचं नसतं, गॅरेजच्या मागच्या भंगारातून उभं केलेलं असतं. मी अशी बरीच केली. काही मोडली, एकदोन मोडायच्या आधी मीच मोडून टाकली. नवे फिटर, एक-दोन गाड्यांचे मालक आणि आयटीआयची पोरं जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एका जागी लिहितोय. आकडे अंदाज यावा एवढ्यापुरते आहेत. तुमच्या गाडीचं टॉर्क (नट किती आवळायचा ते) आणि मापं तिच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

सगळं विकत मिळतं की. मग घरी करायचा खटाटोप कशाला?

सगळं मिळत नाही. कंपनीची खास हत्यारं कंपनीच्या वर्कशॉपसाठी असतात, आणि प्रत्येक मॉडेलचा बुश वेगळ्या मापाचा. चार कंपन्यांच्या गाड्या करणाऱ्या रस्त्यावरच्या गॅरेजने चार सेट घ्यायचे म्हटले तर धंदा व्हायचा कधी?

पण एक रेघ आधीच मारून ठेवतो. ढकलणं, ओढणं, दाबणं, भोकं एका रेषेत धरणं, एवढ्यासाठी घरचं हत्यार चालतं. ते मोडलं तर काम अडेल. गाडीखाली माणूस असताना वजन पेलणं किंवा दाबलेली स्प्रिंग धरून ठेवणं यासाठी घरचं नको. खालची निम्मी उत्तरं या एका रेघेचीच आहेत.

सुरुवात कुठल्या हत्याराने करू?

बुश काढायच्या पुलरने. सोपं आहे, रोज लागतं आणि घणाचं काम निम्म्याने कमी करतं.

त्यात सहा वस्तू: एक आटे पाडलेला रॉड, त्याचे नट, एक ढकलणारा गुटका, एक पाइपाचा तुकडा, एक जाड चकती आणि एक थ्रस्ट बेअरिंग (दाब पेलत फिरणारं). समजा बुशचा बाहेरचा व्यास ४५ मिमी आहे आणि पाटा १२ मिमी जाड. म्हणजे डोळा बाहेरून साधारण ६९ मिमी झाला. गुटका ४४ मिमीचा करून घ्यायचा, बुशपेक्षा एखादा मिमी लहान, म्हणजे तो बुशच्या मागोमाग डोळ्यातून सहज जाईल. गुटक्याच्या तोंडाला बुशच्या आत बसेल अशी ८-१० मिमीची पायरी काढायला लेथवाल्याला सांगा. ही पायरी नसली की गुटका तिरका होतो, रॉड वाकतो आणि मग बुश सोडून तुमचंच हत्यार बाहेर काढत बसावं लागतं.

दुसऱ्या बाजूला पाइप. ५० नंबरचा सी क्लास काळा पाइप बाहेरून ६०.३ मिमी, जाडी ४.५ मिमी, म्हणजे आतून ५१.३. बुश ४५ चा, तो आत आरामात मावतो. आणि पाइपाची कड डोळ्याच्या पोलादावरच टेकते. बुश ८० मिमी लांब असेल तर पाइप १०० मिमी ठेवा. पाइपाची दोन्ही तोंडं लेथवर काटकोनात करून घ्या, ग्राइंडरने नजरेने नाही. एवढ्या एका गोष्टीवर हत्यार नीट चालतं की नाही ते ठरतं. पाइपाच्या दुसऱ्या तोंडावर २० मिमी जाडीची चकती, मध्ये रॉडचं भोक. चकती वेल्ड करायची गरज नाही, ती दाबाने आपोआप बसून राहते.

बेअरिंगसाठी भंगारात किंगपिनचं (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती जाड पिन) जुनं थ्रस्ट बेअरिंग शोधा. गाडीच्या पुढच्या चाकाखाली ते टनावारी वजन घेऊन फिरलेलं असतं, गोळ्या फुटलेल्या नसल्या तर आपलं काम त्याला किरकोळ आहे. भोक मोठं असेल तर आत एक बाही टाका. बेअरिंग नसेल तर नट चकतीवर घासतो आणि तुमचा अर्धा जोर तिथेच जिरतो.

रबरी बुशला हेच चालेल का?

चालेल, पण गुटका बाहेरच्या लोखंडी कवचावर टेकला पाहिजे. सायलेंट ब्लॉकची, म्हणजे या रबरी बुशची, आतली नळी दाबलीत तर रबर फाटून नळी तेवढी हातात येते आणि कवच डोळ्यात तसंच राहतं. तसं झालंच तर हॅकसॉचं पान डोळ्यातून आरपार घालून उलटं चौकटीला लावा आणि कवचाला आतून लांबीच्या दिशेने एक काप द्या. काप पुरा होत आला की हात सैल ठेवा. डोळ्याच्या आतल्या अंगावर पडलेली चीर पुढे जाऊन पाटा तिथूनच तोडते.

नवा रबरी बुश बसवताना साबणाचं पाणी लावा. ग्रीस लावलं की बसतो मऊ, पण रबर फुगतं. गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) बुश असेल तर तो दाबून बसवल्यावर आतून थोडा आवळतो, तेव्हा रीमर (भोक मापाला कातणारं हत्यार) फिरवून पिनच्या मापाला आणावा लागतो. पिन घणाने घालून "बसली एकदाची" म्हणणारे फिटर महिन्याभरात तीच गाडी पुन्हा बघतात.

हार्डवेअरच्या दुकानातला आटेवाला रॉड आणला तर?

इथेच लोक फसतात. दुकानात मीटरवर मिळणारा आटेवाला रॉड बहुधा ४.६ किंवा ४.८ ग्रेडचा असतो. तो पत्रे टांगायला ठीक. आपल्याला ८.८ किंवा १०.९ पाहिजे. हा आकडा बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो. पहिला आकडा गुणिले १०० म्हणजे तुटायची ताकद, मेगापास्कलमध्ये. दुसरा आकडा म्हणजे त्याच्या किती टक्क्यांवर तो कायमचा ताणला जातो. ८.८ म्हणजे ८०० आणि त्याचे ८० टक्के, ६४०.

आता २४ मिमीचा रॉड घ्या. आट्यांच्या जागी ताण घेणारं त्याचं क्षेत्र ३५३ चौरस मिमी धरतात. ४.६ चा रॉड साडेआठ टनांच्या आसपास ताणला जायला लागतो, ८.८ चा एकवीस टनांपर्यंत निवांत असतो. तुमच्या हातातून किती जोर येतो? एक मीटर लांब दांडा आणि त्यावर ४० किलोचा रेटा म्हणजे ४० किलो-मीटर. कोरड्या आट्यावर याचे रॉडमध्ये सव्वाआठ टन होतात, ग्रीस लावलेल्या आट्यावर अकरा. म्हणजे एकटा माणूस, एक मीटरचा पाइप, आणि दुकानातला साधा रॉड लांबायला लागला. तो लांबला की आट्यांचं अंतर बदलतं, नट अडकतो आणि मग पुढेही नाही, मागेही नाही.

८.८ चा रॉडसुद्धा दोन मीटरचा पाइप घालून दोघांनी रेटला तर तुटेल. माझा नियम साधा आहे: पुलरसोबत त्याचा दांडा पण करायचा, एक मीटरचा, आणि त्यावर पाइप चढणार नाही असं त्याचं टोक फुगवून ठेवायचं. पोरं शिव्या देतात. देऊ देत.

नट साधा घेऊ नका. लांब जोडनट मिळतो, व्यासाच्या तिप्पट लांबीचा, तो घ्या. नट रॉडपेक्षा जरा मऊ असलेला बरा. झिजायचा तर नट झिजावा, तो स्वस्त असतो.

पाट्याचं स्टील तर एक नंबर असतं. तुटलेल्या पाट्यापासून हत्यारं करू का?

एक नंबर असतं ते पाट्याच्या कामाला. आपल्याकडे लोहार तुटलेल्या पाट्याचा कोयता करतात आणि तो वर्षानुवर्षं धार धरतो, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की हे स्टील कशालाही चालेल.

अडचण वेल्डिंगची. पाट्याच्या स्टीलमध्ये अर्धा टक्क्याहून जास्त कार्बन असतो. वेल्डिंग करून थंड झालं की सांध्याच्या शेजारची पट्टी काचेसारखी होते. वरून सांधा झकास दिसतो. जोर आला की सांधा शाबूत राहतो आणि त्याच्या बाजूला पाटाच कडकन तुटतो, कुठलीही सूचना न देता. साधं लोखंड आधी वाकतं, आपल्याला दोन सेकंद देतं. हा फरक लक्षात ठेवा.

म्हणून पाट्याचा तुकडा वेल्ड न करता, न तापवता वापरायचा असेल तर वापरा. मी त्याची पहार करतो, शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारा झुलता दुवा) सरकवायला. टोक ग्राइंडरने काढताना निळं पडू देत नाही, डबड्यात पाणी ठेवून सारखं बुडवतो. बाकी फ्रेम, हुक, क्लँप यांना साधं स्ट्रक्चरल लोखंडच. गुटक्यासाठी ईएन-८ चा (मध्यम कार्बनच्या स्टीलचा) तुकडा लेथवाल्याकडे पडलेला असतोच. कोल्हापुरात उद्यमनगरात एक चक्कर मारलीत तर हव्या त्या व्यासाचा तुकडा वजनावर मिळतो.

बाटली जॅक लावून प्रेस (बुश-पिना दाबायची फ्रेम) करायचा आहे. चॅनल (इंग्रजी सी आकाराची लोखंडी तुळई) कुठला घेऊ?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण लोक चॅनल नजरेने निवडतात. "शंभरचे दोन चॅनल पाठीला पाठ लावलेत, हलणार नाही." हलतं.

हिशेब करू. जॅक २० टनाचा, आडव्या तुळईचा गाळा (दोन खांबांमधलं अंतर) ५०० मिमी, जोर बरोबर मध्ये. शंभर मिमीचे दोन चॅनल घेतले तर तुळईत ताण येतो साधारण ३३० मेगापास्कल. साधं लोखंड २५० ला कायमचं वाकतं. म्हणजे जॅक पूर्ण जोरावर येण्याआधीच तुळई केळ्यासारखी. सव्वाशेचे दोन घेतले तर १८५ च्या आसपास, चालेल पण अंगावर बेतणारं. दीडशेचे दोन घेतले की ११८. मी दीडशेचेच घेतो. गाळा वाढवलात तर ताण त्याच प्रमाणात वाढतो. ७५० मिमी गाळ्याला दीडशेचा चॅनलही १८० च्या घरात जातो. व्ही-रॉड (ॲक्सल जागेवर धरणारा व्ही आकाराचा रॉड) आडवा मावावा म्हणून गाळा वाढवायचा मोह होतो. त्यापेक्षा रॉड फ्रेमच्या पुढे-मागे निघेल असा ठेवा.

दुसरी गोष्ट, जोर वेल्डिंगवरून जाऊ देऊ नका. वरची तुळई खांबांच्या बाहेर वेल्ड करून लटकवली की सगळे २० टन त्या सांध्यावर. तीच तुळई खांबांच्या भोकांतून जाणाऱ्या जाड पिनांच्या खाली टेकवली की जोर पिनांवर, आणि वेल्डिंगचं काम फक्त जागेवर धरून ठेवायचं. पिना २५ मिमीच्या, ईएन-८ च्या. बोल्ट वापरलात तर त्याचा गुळगुळीत भाग भोकात आला पाहिजे, आटे नाहीत.

आणि प्रेसच्या समोर एक जाड पत्रा किंवा जाळी बिजागरीवर लावा. गनमेटलचा बुश दाबताना फुटला की तुकडा गोळीसारखा येतो. ही जाळी आमच्याकडे दोन वर्षं नव्हती. ती का बसवली ते माझ्या हनुवटीवर दिसतं.

जॅक उलटा लावला तर फ्रेम सोपी होते. चालेल ना?

नाही चालत. साधा बाटली जॅक उलटा केला की पंपाच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा येते आणि दांडा नुसता हलत राहतो. म्हणून प्रेसमध्ये जॅक सरकत्या तुळईवर उभाच ठेवतात, तो वरच्या पक्क्या तुळईला रेटतो आणि सरकती तुळई खाली जाते. ती परत वर आणायला दोन बाजूंना ओढस्प्रिंगा लावतात. आडवा लावायचा असेल तर पंपाची बाजू खाली ठेवून बरेच जॅक चालतात, पण आधी रिकामा चालवून बघा.

पाट्याचा जुडगा खोलताना काय करायचं?

सेंटर बोल्टला (एकावर एक रचलेल्या पाट्यांच्या मधोमध आरपार जाणाऱ्या बोल्टला) हात लावायच्या आधी जुडगा दोन ठिकाणी आवळा. दोन ठिकाणी, बोल्टच्या अलीकडे आणि पलीकडे.

कारण असं की जुडग्यातले पाटे सारख्या वळणाचे नसतात. खालचा आखूड पाटा वरच्यापेक्षा जास्त वाकवलेला असतो, मुद्दाम, म्हणजे आवळल्यावर ते एकमेकांना घट्ट धरतात. ती सगळी धडपड सेंटर बोल्ट एकटा धरून बसलेला असतो. तो गॅसने कापला की पाटे उसळतात.

आमच्याकडे एका पोराने हे केलं. जुना सी-क्लँप एकाच बाजूला लावला होता, बोल्ट गंजलेला, पाना लागेना, म्हणून कटर घेतला. बोल्ट तुटला, क्लँप सटकला, आणि पाटा वर आला तो थेट टांगलेल्या दिव्याला. पोरगं दोन फूट बाजूला होतं म्हणून वाचलं. दिवा त्या दिवसापासून उंच बांधलाय.

यासाठीचं हत्यार घरीच करायचं, आणि त्यात फार अक्कल लागत नाही. २० मिमी जाडीच्या दोन पट्ट्या, पाट्याच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे ५० मिमी जास्त लांब, टोकांना भोकं, त्यातून २० मिमीचे ८.८ चे दोन बोल्ट. अशा दोन जोड्या. बोल्ट भरपूर लांब घ्या, जुडगा पूर्ण सैल होईपर्यंत नट आट्यावर राहिला पाहिजे. आखूड बोल्ट घेतला तर शेवटच्या आट्यावरून नट सुटतो आणि आपण जिथून सुरुवात केली तिथेच येतो. सोडताना चारही नट आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा.

परत बांधताना भोकं जुळत नाहीत ही तक्रार असतेच. सेंटर बोल्टच्या जाडीचा, टोक निमुळतं केलेला एक हातभर लांब रॉड खालून वर घाला. त्यावर एकेक पाटा ओवत जा, क्लँपांनी आवळा, मग त्याच रॉडच्या मागून खरा बोल्ट ठोकत रॉड वर काढा. सेंटर बोल्टने जुडगा ओढून आवळायचा नाही, त्याचं काम जागा धरायचं. आवळायचं काम यू-बोल्टचं, म्हणजे जुडगा ॲक्सलला बांधणाऱ्या यू आकाराच्या बोल्टचं.

टॉर्क पाना नाही. यू-बोल्ट किती आवळलाय ते कसं कळणार?

धान्य तोलायचा टांगता काटा घ्या, ५० किलोचा डिजिटल. पान्याला पाइप लावा आणि नटाच्या मध्यापासून बरोबर १.२ मीटरवर खूण करून तिथे आकडा अडकवा. काटा पाइपाला काटकोनात ओढा. काट्यावर ५० किलो आले म्हणजे ६० किलो-मीटर, न्यूटन-मीटरमध्ये ५९० च्या आसपास. काटकोन सोडलात तर आकडा खोटा. पाइपाचं स्वतःचं वजन हिशेबात येऊ नये म्हणून पाइप उभा असेल अशा जागी काटा आडवा ओढलेला बरा.

हे टॉर्क पान्याइतकं बारीक नाही. पण "दोघं लोंबकळले, आता बास" यापेक्षा कितीतरी बरं आहे. नट कोनाकोनाने, टप्प्याटप्प्याने आवळा, शेवटचा आवळा गाडीचं वजन पाट्यावर आलेलं असताना द्या, आणि गाडी पहिल्या काहीशे किलोमीटर भरून पळाली की परत तपासा. नव्या यू-बोल्टनंतर पाटे आणि गाद्या बसतात, नट सैल होतोच. खंबाटकीत किंवा आंबा घाटात सैल यू-बोल्टवर सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल मागे सरकलेली गाडी ज्याने एकदा पाहिली तो हे विसरत नाही. जुने यू-बोल्ट परत लावू नका, आणि गॅसवर तापवून घरी वाकवलेले तर मुळीच नाही.

गॅसने तापवलं की काहीही सुटतं. मग पुलर कशाला?

सुटतं खरं. पाट्याला बनवताना लाल करून तेलात बुडवतात आणि मग साधारण साडेचारशे-पाचशे अंशांवर परत तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. तुम्ही डोळ्याभोवती ज्योत फिरवून तो तांबूस केलात की ते सगळं पुसलं गेलं. पाटा दिसायला तोच, पण तिथे तो आता मऊ आहे. महिन्याभरात डोळा उघडतो.

शिवाय रबराचा धूर, शेजारची हवेची नायलॉन पाइप, डिझेल टाकी. आणि टायर चढवलेल्या डिस्कच्या नटांवर ज्योत कधीच नाही. आत रबर तापून वायू साठतो आणि टायर स्फोटासारखा फुटतो. फेकायच्याच यू-बोल्टचा नट कापायचा असेल तर ग्राइंडरने कापा.

घोड्या (उचललेल्या गाडीखाली लावायचे आधार) घरी केल्या तर? चार अँगल आणि एक पाइप, त्यात काय आहे?

घोड्या विकत घ्या. वजन छापलेल्या, पिनवाल्या. दोन ॲक्सलच्या गाडीचं कायदेशीर एकूण वजनच २०१८ मध्ये १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेलं, आणि उसाच्या दिवसांत काट्यावर काय येतं ते तुम्हाला माहीत आहे. त्याखाली झोपायचं ते आपल्या वेल्डिंगच्या भरवशावर नको. मी पण चांगलं वेल्डिंग करतो, तरी नको.

घरचं म्हणून चालतं ते लाकूड. बाभळीचे किंवा जुन्या रेल्वे स्लीपरचे सारख्या उंचीचे ठोकळे, दोन असे, त्यावर दोन आडवे, पुन्हा दोन असे, चौकट रचत वर न्यायची. उंची पायाच्या रुंदीपेक्षा जास्त होऊ देऊ नका. बैलगाडीची चाकं बाभळीची करायचे ते उगाच नाही, भाराखाली ती करकरते, चिरते, पण आवाज करून. दगड आणि विटा आवाज करत नाहीत, एकदम जातात. रस्त्याकडेला दगडावर टेकवलेल्या गाडीखाली पाय बाहेर दिसले की माझ्या पोटात गोळा येतो. मातीवर ठोकळ्याखाली जाड लोखंडी पत्रा टाका, पावसाळ्यात तर हमखास.

छोट्या पिकअपची कॉइल स्प्रिंग दाबायला आटेवाल्या रॉडचं काही करता येईल?

करता येतं, करू नका. मध्यम ताकदीची एक स्प्रिंग १०० मिमी दाबलीत तर तिच्यात पन्नास किलोचं पोतं एक मीटरवरून टाकावं एवढी ऊर्जा साठते, आणि ती सगळी एका क्षणात, तुमच्या तोंडासमोर सुटू शकते. हुक घसरला की संपलं. हे एक हत्यार आम्ही विकतच घेतलं.

एअर सस्पेन्शनसाठी?

हवा पूर्ण सोडा, चासी ठोकळ्यांवर घ्या, मग साधे पाने पुरतात. फुगा (हवेची रबरी स्प्रिंग) बाहेर काढून हवा भरून "टेस्ट" करणं बंद करा.

पिन ठोकायला जुन्या ॲक्सलचा तुकडा वापरतो. काही हरकत?

आहे. ॲक्सल शाफ्ट वरून कडक केलेला असतो. कडक पोगरावर (पिन ठोकायच्या दांड्यावर) कडक घण बसला की कपची उडते, आणि ती डोळ्यात जाते. पितळेचा किंवा साध्या लोखंडाचा पोगर घ्या. तो चेपतो, तेच त्याचं काम. डोक्याला फुलासारखी कड आली की ग्राइंडरने काढून टाका, ती कडही उडतेच. आणि चष्मा. गॅरेजात चष्मा खिळ्याला लटकलेला असतो, त्याचा उपयोग खिळ्याला होतो.

किंगपिनला हाच प्रेस चालेल?

ॲक्सल उतरवलेला असेल आणि फ्रेमच्या गाळ्यात बसत असेल तर. गाडीवरच काढायचं असेल तर दोन जाड रॉडांचा पूल आणि मध्ये जॅक असं करतात, पण तिथे जोर फार लागतो आणि जॅक डोक्याजवळ असतो. ते काम मी विकतच्या हत्यारानेच करतो. ॲक्सलला ज्योत लावून किंगपिन सोडवू नका, ती फोर्जिंग आहे आणि गाडीचं पुढचं टोक तिच्यावर उभं आहे.

वेल्डिंगला कुठली काडी?

रोजच्या कामाला ६०१३. जोर येणाऱ्या सांध्याला ७०१८, पण ती कोरडी पाहिजे. कोकणात जून ते सप्टेंबर उघड्या पुड्यातली ७०१८ वापरणं म्हणजे सांध्यात पाणी भरणं. काड्या ओव्हनमध्ये तापवायची सोय नसेल तर सीलबंद पुडा त्याच दिवशी संपवा. जस्त चढवलेला पाइप घेऊ नका, काळाच घ्या. जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो.

केलेलं हत्यार मजबूत आहे हे कसं कळतं?

फ्रेमवर एक सरळ पट्टी ठेवून सूताने रेघ मारा. जाळीआड उभं राहून, रोज लागतो त्यापेक्षा सव्वापट जोर द्या, पाच मिनिटं ठेवा, सोडा. रेघ परत सरळ आली पाहिजे. नाही आली तर ती फ्रेम त्या जोराची नव्हतीच.

तडा शोधायची जुनी पद्धत मला आमच्या उस्तादांनी दाखवली. सांध्यावर रॉकेल लावायचं, पंधरा मिनिटं मुरू द्यायचं, फडक्याने कोरडं पुसायचं आणि वरून खडूची भुकटी किंवा कोरडा चुना चोळायचा. तडा असला तर त्यात मुरलेलं रॉकेल वर येतं आणि पांढऱ्यावर केसासारखी काळपट रेघ उमटते. हंगाम सुरू व्हायच्या आधी मी सगळ्या क्लँपांना आणि प्रेसला हे करतो. गेल्या खेपेला एका क्लँपच्या भोकाशी अशी रेघ निघाली, वरून तो अगदी नवा दिसत होता.

खराब झालेलं हत्यार दुरुस्त करून वापरू का?

गुटका चेपला असेल तर लेथवर परत काढा. नट झिजला तर बदला. रॉड लांबला असेल तर तो गेला. नवा नट रॉडवर हाताने शेवटपर्यंत फिरवून बघा, मध्ये कुठे जड झाला तर तिथे आटे ताणलेत. वाकलेला चॅनल सरळ करून परत लावू नका.

आणि भंगारात देताना गॅसने दोन तुकडे करूनच द्या. मी एकदा लांबलेला रॉड तसाच काट्यावर टाकला होता. चार महिन्यांनी पलीकडच्या गॅरेजात एकाने "बघ, ८.८ चा स्वस्तात मिळाला" म्हणून मला दाखवला. त्यावर माझ्याच हाताने मारलेली पोगराची खूण होती.